आधी बिऱ्हाड, मग बंगला

चिपळूणहून गुहागरला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून आत दहा मिनिटांच्या चालीवर आमचं घर आहे. घर म्हणजे जोतं, चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब. वरच्या मजल्यासाठी स्लॅबमधून काढून ठेवलेल्या सळया आठ पावसाळे तशाच उभ्या आहेत. गंजू नयेत म्हणून दिरांनी त्यांच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या, त्याही आता उन्हाने पिवळ्या पडल्या. सुट्टीत गावी गेलो की चहा पुढ्यात येण्याआधी प्रश्न येतो, "मग, घराचं काम कधी काढताय?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. माणूस पंधरा वर्षं मस्कतला नोकरी करतो आणि गावातलं घर अर्धवट, हे आमच्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही.

इतकी वर्षं मी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणून विषय टाळत आले. आता टाळणार नाही, कारण गुहागर तालुक्यातल्या एका घरात सध्या याच वादावरून एका मुलीचं बिऱ्हाड अडून बसलं आहे. २०१८ साली वरच्या मजल्यासाठी जमवलेले पैसे मोडून आम्ही मस्कतच्या वादी कबीर भागात भाड्याचं घर केलं. एक बेडरूम, छोटा हॉल, त्याहून छोटं किचन. ते घर कधीही आमचं होणार नाही. तरीही माझं ठाम मत आहे की आखातात नोकरी करणाऱ्या माणसाला तिथला कायदा ज्या दिवशी परवानगी देईल, त्या दिवशी त्याने बायकामुलांना जवळ न्यावं. परवडायला लागेपर्यंत थांबू नये. ते कधीच परवडत नाही.

मी हे दोन्ही बाजूंनी जगले आहे, म्हणून बोलते.

मिस्टर जानेवारी २०१० मध्ये मस्कतला गेले तेव्हा आमची मुलगी पाच महिन्यांची होती. एसी टेक्निशियनची नोकरी, पगार १४० रियाल. करारावर लिहिलं होतं, 'बॅचलर स्टेटस'. मी घाबरून विचारलं, तुम्ही लग्न झाल्याचं सांगितलं नाहीत का? मग कळलं की आखातात या शब्दाचा लग्नाशी काही संबंध नाही. ज्याचं कुटुंब आणायची जबाबदारी कंपनीने घेतलेली नाही तो बॅचलर. तीन मुलांचा बाप बॅचलर, नातवंडं झालेला फोरमनही बॅचलर. एका खोलीत सहा खाटा असतात तिला बॅचलर रूम म्हणतात. भाड्याच्या जागांच्या पाट्यांवरही तसंच असतं, ही इमारत फॅमिलीसाठी, ती बॅचलरसाठी. आखातातल्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय आहेत, आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याची ओळख या एका शब्दात होते.

त्या आठ वर्षांत त्यांना दोन-दोन महिन्यांच्या तीन सुट्ट्या मिळाल्या, आणि सासरे गेले तेव्हा पंधरा दिवस. एकूण साडेसहा महिने. झोप येत नसली की मी हा हिशेब मांडत बसायचे.

सुट्टीवर येताना ते मस्कतमधल्या रुवीच्या बाजारातून मुलीसाठी फ्रॉक आणायचे आणि दर वेळी ते तिला लहान व्हायचे. मी फोनवर माप सांगायचे, ते लिहूनही घ्यायचे. पण दुकानात फ्रॉक हातात धरला की त्यांना तो मोठा वाटायचा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपूर्वीची मुलगी असायची. असे पाच फ्रॉक, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट, माझ्या ट्रंकेत अजून आहेत. मला ते कुणाला द्यावेसे वाटले नाहीत. मुलगा २०१२ च्या दिवाळीत झाला. वडिलांनी त्याला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता आणि अनोळखी माणसाने घेतल्यासारखा हातपाय झाडून रडत होता.

घर मात्र वाढत होतं. पहिल्या सुट्टीपर्यंत जोतं, दुसऱ्या सुट्टीपर्यंत भिंती, तिसऱ्या सुट्टीत स्लॅब. लोक बघायला यायचे, कौतुक करायचे. आमच्या पट्ट्यात ही रीतच आहे. तालुक्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतून तर तीन-तीन पिढ्या आखातात गेल्या. आमच्या शेजारच्या चाचींचे सासरे ओमानला होते तेव्हा तिथे आपला रुपयाच चालायचा. आखातासाठी रिझर्व्ह बँक १९५९ पासून वेगळ्या नोटा छापत असे आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत व्यवहारात होत्या. आजही तिथल्या रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. इतकी जुनी ही वाट. त्या चाची एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्यातला माणूस जातो तेव्हा जवान असतो, कायमचा येतो तेव्हा औषधांची पिशवी घेऊन येतो." त्यांचं दुमजली घर आमच्या आळीत सगळ्यांत देखणं आहे. त्यात त्या एकट्या राहतात.

ओमानमध्ये कुटुंबाला आणायला 'फॅमिली जॉइनिंग व्हिसा' लागतो आणि त्याला पगाराची अट असते. ही अट ६०० रियाल होती तोवर आमच्यासारख्यांनी विचारही करायचा नव्हता. २०१७ साली ती निम्म्यावर आली. मिस्टर तेव्हा फोरमन झाले होते, पगार ३३०. बातमी आली त्या रात्री त्यांनी फोनवर घराचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "येशील का?"

मी वहीत हिशेब मांडला. भाडं १४० रियाल. दोन मुलांची फी आणि स्कूलबस धरून ५५. किराणा, भाजी, मासळी ९०. वीज, फोन, बाकी किरकोळ २५. झाले ३१०. ओव्हरटाइम धरून हातात ३७० च्या आसपास यायचे, त्यातले साठ सासूबाईंना पाठवायचे. त्याआधी ते दरमहा २३० रियाल घरी पाठवत होते, तेव्हाच्या भावाने चाळीस हजारांच्या जवळपास. ते बंद होणार होतं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या बॅगेत कोकमाची बरणी ठेवली.

एप्रिल २०१८ मध्ये आम्ही उतरलो. पहिला उन्हाळा मी विसरणार नाही. मस्कतजवळच्या कुरियात गावी २६ जूनला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली आलाच नाही. सर्वांत उष्ण किमान तापमान म्हणून जगभर त्याची बातमी झाली. आम्हाला ते नळातून कळलं. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, उन्हात. मे महिन्यापासून साध्या नळाला भाजणारं पाणी येतं. मग तिथल्या बायका करतात ते मीही शिकले. गिझर बंद ठेवायचा आणि आंघोळीला गिझरचा नळ सोडायचा. गिझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात असतो, त्याच्या टाकीत रात्रभर साठलेलं पाणी निवतं. म्हणजे मे ते सप्टेंबर लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. मुलाला हे चार दिवसांत पाठ झालं. पुढे एकदा सासूबाई थंडीत महिनाभर आल्या, तेव्हा नळ पुन्हा पूर्ववत झाले होते. त्यांना खुणा समजावताना त्याचा जो गोंधळ उडाला तो मी दारामागून ऐकला आणि मनात म्हटलं, आता हे याचं घर झालं.

मिस्टरांचं काम गच्च्यांवरचं, एसीची बाहेरची युनिटं तिथेच असतात. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम घ्यायला ओमानमध्ये कायद्याने बंदी आहे, म्हणून उन्हाळ्यात त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. संध्याकाळी येतात तेव्हा गणवेशाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात, एकीत एक, भरतीच्या खुणांसारख्या. ते शर्ट मी आधी साध्या पाण्यात भिजवते, मगच साबण. कोकम सरबताचा मोठा ग्लास, त्यात मीठ जास्त, साखर कमी. मुलगी ते करून ठेवते. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, आणि दोघं मुलं खिडकीशी असतात. सात वर्षं झाली. मुलगी आता अकरावीत आहे, तिला खिडकीशी उभं राहायला लाज वाटते, पण सरबत मात्र तीच करते.

आमचं तिथलं आयुष्य फार साधं आहे. मॉलमध्ये आम्ही जातो ते बहुतेक चालायला, कारण आत गार असतं. शुक्रवार हा एकच वार आमचा. त्या दिवशी सकाळी मत्रहच्या मासळी बाजारात जायचं. समोर ओमानचं आखात, पण ते पुढे मिळतं आपल्याच अरबी समुद्राला. सुरमईला तिथे कनाद म्हणतात, तारल्या ढिगाने असतात. बाजारात मिस्टर अरबी, हिंदी आणि चिपळुणी मिसळून भाव करतात. मुलगा शेजारी उभा राहून बघतो. कुठलाही मुलगा बापाकडून जे शिकतो ते असंच शिकतो. दुपारी मी दोघांना मराठी वाचायला बसवते, शाळेत दुसरी भाषा हिंदी असल्यामुळे ते काम माझं. गणपती दीड दिवसाचा, विसर्जन बादलीत. सुट्टी नसते, म्हणून आरती पहाटे साडेचारला होते, कामावर जाण्याआधी, आणि ती चौघांची होते.

याची किंमत काय पडते तेही सांगते, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील.

२०२० च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे कंपनीने तीन महिने अर्धा पगार दिला. मे महिन्यात भारतात परतणारी खास विमानं सुरू झाली आणि आमच्या इमारतीतली अर्धी बिऱ्हाडं व्हिसे कॅन्सल करून निघून गेली. आमच्या मजल्यावर एक केरळची चेची आणि आम्ही, एवढीच दोन दारं उरली. आम्ही मंगळसूत्र सोडून बाकी सोनं मोडलं. दुसऱ्या वर्षी त्याहून वाईट घडलं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, माझं माहेर बाजारपेठेच्या बाजूला. दीड दिवस आईवडिलांचा फोन लागला नाही. ओमानने २४ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना बंदी केली होती, ती थेट १ सप्टेंबरला उठली. गेले असते तर परत येणं माझ्या हातात नव्हतं आणि मुलं मस्कतला. आईवडिलांना शेजाऱ्यांनी गच्चीवर घेतलं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. वडिलांची सगळी कागदपत्रं, माझ्या लग्नातले फोटो, सगळं चिखलात गेलं, आणि तो चिखल उपसायला मी नव्हते. हे माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये. जवळ राहायचं ठरवलं की कुणापासून तरी लांब जावं लागतं. मी नवऱ्याजवळ गेले आणि आईपासून लांब गेले.

शिल्लक जवळजवळ नाही. आम्ही तिथले कधी होणार नाही, मुलगा एकवीसचा झाला की आमच्या व्हिसावर राहू शकणार नाही, नोकरी गेली तर घर, शाळा, नळ, खिडकी, सगळं एकदम जाईल. हे रोज माहीत असतं.

एवढं असूनही सळयांकडे बघून मला वाईट वाटत नाही. त्याचं एक कारण सलालाहचं आहे.

एसीच्या कामात उन्हाळ्यात सुट्टी मिळत नाही. त्यामुळे मिस्टरांच्या गावच्या सगळ्या सुट्ट्या हिवाळ्यातल्या. २०१० पासून त्यांनी पावसाळा पाहिलाच नव्हता. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मस्कतला जेमतेम शंभर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बकरीदची जोडून सुट्टी आली, तेव्हा आम्ही रात्रीच्या बसने निघालो. हजार किलोमीटर, बारा तास, खिडकीबाहेर सपाट वाळवंट. ओमानच्या दक्षिण टोकाला सलालाह आहे, तिथे जूनअखेर ते सप्टेंबर मोसमी वाऱ्यांमुळे धुकं आणि रिमझिम असते, तिला खरीफ म्हणतात. आपल्याकडेही हा शब्द आहे, वेगळ्या अर्थाने. डोंगर हिरवेगार, रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी आणि पपयांच्या टपऱ्या. आखातभरातून आलेली माणसं ओल्या गवतावर चटया टाकून बसली होती, छत्री कुणाकडेच नव्हती. मुलं पळाली. मिस्टरांनी चपला काढून एका बाजूला नीट ठेवल्या आणि चिखलात पाय रोवून उभे राहिले. शहाळंवाल्याने दोनदा विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. नऊ वर्षांनी अंगावर पाऊस घेत होते. मुलगी येऊन त्यांच्या शेजारी तशीच उभी राहिली, अनवाणी. ती दोघं पाठमोरी अशी पंधरा मिनिटं होती. स्लॅबवर मजला चढला असता तर हे झालं नसतं.

म्हणून गावाकडच्या थोरामोठ्यांना माझं सांगणं आहे. परदेशातून पैसा येतो तेव्हा त्यातून काहीतरी उभं राहिलेलं दिसावं असं वाटणं साहजिक आहे. पण मुलाने पाठवलेल्या पैशातून आधी लादी की आधी गिलावा असा विचार करताना, तुमची सून आणि नात किती वर्षं त्या लादीवर त्याच्याशिवाय चालणार आहेत, तेही बघा. आणि कंपन्या चालवणाऱ्यांत आपली माणसंही पुष्कळ आहेत. कायद्याची अट पूर्ण करणारा कामगार घरच्यांना आणतो म्हणतो तेव्हा त्याच्या कागदावर सही करताना महिनोन्महिने लावू नका. माणूस घरी जेवतो तेव्हा कमी आजारी पडतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बॅचलर हा शब्द करारातून काढून टाका असंही मी म्हणेन. तो खोटा आहे.

२०२२ साली ओमानने पगाराची अट १५० रियालपर्यंत खाली आणली. त्यामुळे आता हेल्परचा टेक्निशियन झालेला मुलगाही बिऱ्हाड करू शकतो. मिस्टरांच्या हाताखालचा असाच एक गुहागरचा मुलगा आहे, पगार १९० रियाल. आमच्याच इमारतीत दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर अर्धी जागा मिळते आहे, एक बेडरूम त्यांची, किचन दोघांत. गावी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. घरच्यांचं म्हणणं, आधी लाद्या बसवू, मग बघू.

मागच्या आठवड्यात तिने मला फोन केला. लग्नाचा दाखला आणि मुलीच्या जन्माचा दाखला आजच काढायला टाक, अटेस्टेशनला वेळ लागतो, असं मी सांगितलं. कोकम आण, नाचणीचं पीठ आण. ती लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "ताई, मुलीला खेळायला अंगण आहे का हो तिथे?"

मी खरं ते सांगितलं. अंगण नाही. मे ते सप्टेंबर दिवसा बाहेर पाऊल टाकवत नाही. ऊन उतरल्यावर मुलं इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकली फिरवतात. साडेसहाला कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, आणि तिथून वडील चालत येताना वरच्या खिडकीतून दिसतात.